काशीराम बेंजोचं प्रोफाइल

"अंकल तेच पाहिजेत," हेतल फोनवर म्हणाली, "आणि धून पण तीच, सेम. नवरीच्या एंट्रीला." मी नवीन पनवेलच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभी होते आणि भाजीवाली मला पिशवीचं तोंड नीट उघडा म्हणून सांगत होती. हेतल पळस्प्याच्या बाजूच्या एका मोठ्या लग्नाच्या हॉलचं बुकिंग बघते. त्या हॉलची एक यादी असते. तिच्यात ज्या बँडचं नाव, तोच बँड तिथल्या मांडवात पाय ठेवणार, बाकीच्यांनी गेटवर उभं राहून हात जोडायचे. गेल्या आठवड्यात मी तिला आमच्या बँडचं प्रोफाइल पाठवलं होतं आणि तेव्हापासून दर तासाला मोबाइल उघडून बघत होते. "काय आहे ना रंजिता मॅडम," ती पुढे म्हणाली, "बाकीचे बँडवाले व्हिडिओ पाठवतात त्यात नुसती पब्लिक. धक्काबुक्की, नाच, बँड कुठे आहे तेच दिसत नाही. तुमच्या व्हिडिओत सगळे कसे शांत चालतायत. एकदम डिग्निफाइड. आणि तो गुलाल उडतोय तो तर काय मस्त. क्लायंट बोलली, मला हेच पाहिजे, याच अंकलनी वाजवायचं." मी हो म्हटलं, थँक यू म्हटलं, कळवते म्हटलं. मेथी पिशवीत गेली, वर कोथिंबीर गेली, भाजीवालीनं आपणहून दोन मिरच्या टाकल्या आणि मी तशीच उभी राहिले. हेतलला जो व्हिडिओ इतका आवडला होता तो माझ्या सासूच्या अंत्ययात्रेचा होता.

तिला फसवायचं असं काही माझ्या मनात नव्हतं, हे मी आधी स्वतःला सांगितलं आणि मग ते मला फारसं पटलं नाही. मी बेलापूरच्या एका जाहिरात कंपनीत काम करते. बिल्डरांच्या टॉवरसाठी आम्ही 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहितो आणि फोटोत शेजारची खडी फोडायची मशीन येणार नाही इतपत कॅमेरा वळवतो. हे सगळं करून करून हाताला एक वळण लागतं. पण घरच्या बँडचं काम मी त्या हातानं करायचं नाही असं ठरवलं होतं. आमचा बँड म्हणजे 'काशीराम बेंजो'. काशीराम माझे सासरे. बेंजो म्हणजे परदेशी सिनेमात दिसतो तो गोल पोटाचा नव्हे. आमचा बेंजो ही एक लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात तार छेडायला प्लास्टिकचा तुकडा. पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा, वायर मागच्या टेम्पोवरच्या भोंग्यांना जोडायची आणि चालत वाजवायचा. सोबत ताशा, ढोल, आणि हल्ली एक कीबोर्ड. पनवेल-उरणच्या गावांमधे या बेंजोशिवाय हळद होत नाही. लग्न एकवेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. मी पनवेलच्या तळ्याकाठची, माझ्या माहेरी हळद म्हणजे सकाळी पाच बायकांनी गालाला बोटं लावायची आणि चहा प्यायचा. लग्न ठरल्यावर निकेशनं मला आधीच बजावलं होतं की आमच्याकडे हळदीला जेवून ये, नाहीतर उभी राहणार नाहीस. तो खरं बोलत होता. त्या हळदीत सासूनं मला हाताला धरून बेंजोच्या पुढ्यात नेलं आणि माझे पाय कसे पडतात ते बघून हसून हसून खाली बसली.

सासूचं नाव गोदू. तिला बँडमधे काहीही वाजवता येत नव्हतं, पण बँड चालायचा तो तिच्या तोंडावर. हे मला ती गेल्यावर कळलं. बँडवाल्यांमधे काम ठरलं की सुपारी मिळाली म्हणतात, आणि आमच्या बहुतेक सुपाऱ्या गोदूनं मासळी बाजारात, बारशाला, दवाखान्याच्या बाकावर, कुणाच्या तरी दारात चपला काढता काढता मिळवलेल्या असायच्या. कुणाच्या मुलाचं जमतंय असं नुसतं कानावर पडलं की ती विचारायची, "हलद कवा? बेंजो सांगितलाव का?" आणि समोरचा माणूस अजून मुलगीही पसंत न केलेला. दुसऱ्या कुणाच्या हळदीला गेली की तिथला बेंजो ऐकताना नाकाला पदर लावायची. सगळ्यांना दिसेल असा लावायची. ती गेल्यावर वर्ष दुखवट्याचं म्हणून कुणी बोलावलं नाही, ते समजण्यासारखं होतं. पण वर्षश्राद्ध झालं, तुळशीचं लग्न लागलं, गावोगाव मांडव पडायला लागले तरी निकेशचा फोन वाजेना. लोक आता फोनवर बघतात, निकेश म्हणाला, प्रोफाइल मागतात, आणि आपल्याकडे आहे काय, तर टेम्पोच्या मागे रंगवलेला एक नंबर, तोही आईचा. निकेश दिवसा एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. बँड बंद केला तर आम्ही उपाशी मरणार नव्हतो. पण आमच्या ताशेवाल्या शुक्रावर ती पाळी आली असती, आणि निकेशचंही काहीतरी मेलं असतं, ते मला घरात रोज बघावं लागलं असतं. म्हणून मी म्हटलं, मी करते. लोकांच्या टॉवरची करते, आपल्या बेंजोचं करता येत नाही म्हणजे काय.

करायला बसले तेव्हा कळलं की टॉवर परवडला, तो निदान फोटोला हलत नाही. आधी माहिती लिहायची होती. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मी विचारलं की बँड कधी सुरू केलात. ते म्हणाले, "मीठ बंद झाला तवा." म्हणजे मिठागरं सरकारनं घेतली तेव्हा. कुणाकडे शिकलात? "कोन शिकवतं?" तुमच्या वाजवण्याचं वैशिष्ट्य काय? यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली. मग मी आपल्या मनानं लिहिलं, 'आगरी मातीचा अस्सल ठेका', आणि खोडलं, आणि 'तीन पिढ्यांची परंपरा' लिहिलं, आणि तेही खोडलं, कारण पिढ्या दोनच होत्या. शेवटी नुसतं लिहिलं की काशीराम आणि त्यांचा मुलगा निकेश गावात बेंजो वाजवतात आणि गाव नाचतं. मग फोटो. सगळ्यांना गावच्या घराच्या गच्चीवर इस्त्रीच्या शर्टात उभं केलं. शुक्रा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत राहतो, ताशा असा वाजवतो की पायात झिणझिण्या येतात. त्यानं फोटोसाठी काळा गॉगल आणला होता. मी म्हटलं, शुक्रादादा, गॉगल काढा, डोळे दिसू देत. तो म्हणाला, "वैनी, डोलं ऱ्हाऊ दे, ताशा दिसतो ना?" आणि काढला नाही. प्रोफाइलमधे तो गॉगलमधेच आहे आणि मला आता दुसरा कसला शुक्रा चालणारही नाही. बाबा फोटोला आले नाहीत. खाली ओटीवर बसून राहिले. गोदू गेल्यापासून त्यांनी आपल्या बेंजोला हात लावला नव्हता. निकेशनं तो गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, त्यांच्या नजरेला पडून त्रास नको म्हणून. घरात कुणी वाजवण्याचं नावसुद्धा काढायचं नाही असा एक न बोललेला नियम होता, आणि तो आम्ही सगळे फार प्रेमानं पाळत होतो. आम्ही गावी असलो आणि टीव्हीवर हळदीचं गाणं लागलं की मी रिमोट शोधायला धावायचे.

राहिला व्हिडिओ. हेतलनं स्पष्ट सांगितलं होतं, दोन-तीन मिनिटांचा, लाइव्ह, बँड दिसला पाहिजे. निकेशकडे हळदींचे व्हिडिओ ढिगानं होते आणि एकातही बँड नव्हता. लग्नात बँडचं चित्रण कोण करतं? कॅमेरा नवरीवर, नवरीच्या मावशीवर, वरातीत रस्त्यावर आडवा पडून नाचणाऱ्या मेहुण्यावर. बेंजोवाल्याचं एखादं कोपर दिसायचं. पनवेलला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नवीन शूटिंग केलं तर निकेश आपला बेंजो घेऊन सगळा वेळ कॅमेऱ्याकडे बघत वाजवत राहिला, शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखा. असं शोधता शोधता एका दुपारी, कानात हेडफोन, मी परेशनं पाठवलेली एक जुनी फाइल उघडली. परेश निकेशचा चुलतभाऊ. चित्र यायच्या आधी आवाज आला, आणि मी खुर्चीत सरळ झाले. बेंजो इतका मोकळा, इतका लाडात आलेला मी कधीच ऐकला नव्हता. एक सूर उचलून पुढे न्यायचा, तिथे ठेवायचा, मग हळूच मागे वळून बघायचं की येतेय ना. मग चित्र आलं. पांढऱ्या सदऱ्यातले बाबा, गळ्यात पट्टा, मागे भोंग्यांचा टेम्पो, बाजूला शुक्रा गॉगलशिवाय, आणि सगळ्यांवर गुलाल. मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हाही मी हेडफोन काढले नाहीत. किशोरी, माझी नणंद, मस्कतला असते, तिला विमान मिळालं नव्हतं. तिला दिसावं म्हणून परेश बँडच्या पुढे उलटा चालत सगळं शूटिंग करत होता. मयताला कुणी बँडच्या पुढे नाचत नाही. म्हणून आमचा बँड आयुष्यात एकदाच नीट दिसला. गावदेवीच्या देवळाच्या वळणावर मागची माणसं दिसायला लागतात, निकेश हातात मडकं धरून येताना दिसतो, आणि त्याच्या मागे खांद्यांवर हिरवा शालू. मी व्हिडिओ वळणाच्या आधी कापला. निकेशला म्हटलं, बाबांचा जुना व्हिडिओ टाकलाय. तो यार्डातून आला होता, बूट काढत होता. "टाक," तो म्हणाला, "बाबा दिसले तर बरंच." त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नाही, आणि परेशची ती फाइल त्यानं कधी उघडलेली नाही, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी बायकांनी गोदूला न्हाऊ घातलं, हिरवा शालू नेसवला, हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. नवरा मागे ठेवून जाणारी बाई सवाष्ण जाते आणि तिला नवरीसारखं पाठवतात, हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मी तिचे केस विंचरले. रडू येत होतं, आणि मधेच असंही वाटत होतं की ही आता डोळे उघडेल आणि भांग वाकडा पाडलास म्हणेल. बाहेर बापे लोक बांबू बांधत होते. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे वाजवत नेतात, त्यामुळे टेम्पो येऊन उभा होता, पण वाजवणार कोण याचा कुणी विचार केला नव्हता. मडकं निकेशच्या हातात, आणि बेंजो गेली काही वर्षं निकेशच वाजवायचा. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, "मना द्या." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, काशीरामाचं डोकं फिरलं. एका म्हातारीनं दारातून सांगितलं की त्याला द्या, आनि तुमी गप ऱ्हावा. मग ते निघाले. काय वाजवत होते ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, बायका वेशीपासून मागे फिरतात, मी आवाज लांब जाताना ऐकला एवढंच. पुढे हेडफोनवर ऐकलं तेव्हा ओळखलं. नवरीला हळदीच्या पाटावर बसवायला आणताना वाजवतात ती चाल होती.

बाजारातून आमच्या पनवेलच्या फ्लॅटवर आल्यावर मी निकेशला फोन लावला. सुपारी मिळाली म्हटल्यावर त्याचा आवाज असा उजळला की पुढचं सांगणं जिवावर आलं. व्हिडिओ बघून त्यांना बाबाच हवेत, तीच धून हवी, असं सांगितलं. यार्डातल्या क्रेनचा भोंगा वाजत राहिला. "कुठला व्हिडिओ?" "आईंचा." "रंजू, तू आईच्या मयताचा व्हिडिओ हॉलवालीला पाठवलास?" मी म्हटलं, हो. माझ्या सगळ्या नोकरीत मी असं एकशब्दी उत्तर कुणाला दिलं नव्हतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो थकल्यासारखा म्हणाला, "त्यांना नाही म्हणून कळव. बाबांना काही बोलू नको. वर्षभर आपण इतकं जपलं, ते काय यासाठी?" मी म्हटलं की एकदा नाही म्हटलं तर त्या यादीतून नाव कायमचं जाईल. "जाऊ दे," तो म्हणाला, "बँड गेला तर गेला. त्या माणसाला परत तिथे उभं नाही करायचं मला." आणि कुणीतरी त्याला हाक मारली म्हणून फोन बंद झाला. मी बराच वेळ मेथी निवडत बसले. मेथी निवडताना हात आपले आपण चालतात आणि मन नको तिथे भटकतं. मला वाटत होतं, निकेशचं बरोबर आहे. आणि मला हेही वाटत होतं की तो बेंजो परत ऐकायला मिळाला नाही तर माझं काही खरं नाही. हेतलच्या यादीपेक्षा हे दुसरं मोठं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. हेतलला नाही कळवायला मी फोन हातात घेतला, ठेवला, आणि स्कूटरची किल्ली घेतली.

पनवेलहून गावाकडे जाणारा रस्ता आता रस्ता राहिलेला नाही, कंटेनरच्या ट्रेलरांची रांग आहे, आणि तिच्या कडेनं माणसं आपापला जीव घेऊन जातात. ट्रेलरच्या मागे थांबत थांबत मी बाबांशी बोलायची वाक्यं जुळवत होते. ऑफिसात बोलतो तशी वाक्यं येत होती. बाबा, एक छान संधी आली आहे. बाबा, तुमच्या वादनाला दाद मिळाली आहे. मग माझंच मला हसू आलं. मग एकदम भीती वाटली. समजा ते बघतील आणि मोडून पडतील. समजा त्यांना वाटेल की सुनेनं सासूला विकायला काढलं. माझं नवीन लग्न झालेलं असताना मला गावचं घर परकं वाटायचं तेव्हा त्यांनी कधी गोड बोलून ते आपलं करून दिलं नाही. पण मी मासे साफ करायला शिकत होते तेव्हा रोज येऊन शेजारी बसायचे आणि मी वाया घालवलेले तुकडे मुकाट्यानं मांजरीला घालायचे, गोदूला दिसायच्या आत. अशा माणसाला आपण दुखावलं तर पुढे त्या घरात पाणी कसं प्यायचं, हे मला खरोखर सुचत नव्हतं.

ते ओटीवर बसले होते, वाल सोलत. "बाय, अवेली आलीस?" म्हणाले. दुपारची वेळ, मी नोकरी करणारी सून, म्हणजे अवेळच. मी शेजारी बसून वाल सोलायला घेतले. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्हाला एक दाखवायचंय. नको वाटलं तर लगेच बंद करते." आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरला, डोळे बारीक केले. आवाज सुरू झाला तशी त्यांची वाल धरलेली मूठ मांडीवर तशीच राहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते. पहिलं वाक्य आलं ते असं. "शुक्र्या मागं पडतो बघ इथं. रडत व्हता तो." मग थोड्या वेळानं, "वायर कोनी धरलीय? परेशचा पोर काय?" मग व्हिडिओ संपला. मी कापला होता तिथे संपला. त्यांनी मोबाइल उलटा करून बघितला.

"पुढचा कुठं हाय?"

"कापला मी."

"का गो?"

"पुढे आई दिसतात, बाबा."

"मंग?" ते म्हणाले. "दिसूं दे ना."

माझ्याकडे पूर्ण फाइल होती. ती लावून दिली. वळण आलं, निकेश आला, हिरवा शालू आला. बाबांनी मोबाइल जवळ घेतला, अगदी नाकाशी, आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, पुसलं नाही. मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. व्हिडिओ संपल्यावर मी सगळं सांगून टाकलं, हेतल, हॉल, यादी, तिला मयत आहे हे कळलेलं नाही, तिला वाटतंय हळदच आहे, तीच धून हवी आहे, तुम्हीच हवे आहात, आणि निकेश नको म्हणतोय. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. परत वाल सोलायला लागले होते.

"हलदच व्हती ती," ते म्हणाले. "तिला बराबर समजला." मग म्हणाले, "माज्या हलदीला मी नाय वाजवला. कसा वाजवनार? अंगाला हलद लावून, हातान कट्यार देऊन बसवलेला. बेंजोवाला भायेरगावचा आनलेला, दोनी घरच्या हलदीला तोच. बेसूर. असा बेसूर, का मी पाटावर बसून दात खात व्हतो. लगीन होऊन आली आनि पयल्याच दिसाला काय बोलते, सगल्या दुनियेच्या पोरींना तू वाजवतस, माजी हलद बेसुरात गेली, ती कवा भरून देशील? तवापासून सारका तेच. भांडन झाला का तेच. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी तेच. मी म्हनायचो, तुज्यासाटी आता कसली हलद काढू?" त्यांनी वालाची साल कोंबडीकडे टाकली. "त्या दिशी तिला शालू नेसवून भायेर आनली आनि मना वाटला, आज देतो भरून."

मी इतकी वर्षं त्या घरात वावरत होते आणि त्यांची भांडणं ऐकत होते, पण बेसूर हा शब्द गोदूच्या तोंडी कशासाठी यायचा ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मग मी हेतलला नाही सांगते, बाबा. ती धून आईंची आहे. दुसऱ्या कुणाच्या नवरीला ती कशाला."

"आईची कशी? ती हरेक नवरीची हाय. हिला उशिरा मिलाली, इतकाच." मग माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत म्हणाले, "वरीस झाला, बाय. कोनी मना इचारला नाय. निक्यानं बेंजो माल्यावर टाकला. टीवीवर गाना लागला का तू बंद करतस. मना वाटला, माजं काम संपला. मेली ती, आनि तिच्यासंगं मनापन उचलला."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"होईल ना. नाय कसा होईल?"

"मग तुम्ही मागायचा होता."

"वाजवनारा मागून वाजवतो काय? त्याला सांगनं यावा लागतो." त्यांनी सोललेल्या वालांची थाळी बाजूला सरकवली. "तारीख कंची हाय?"

मी तारीख सांगितली. तारखेवर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. माळ्यावर मीच चढले, शिडी धरून ते खाली उभे राहिले आणि गोधडी कशी सोडायची ते सांगत राहिले. एक तार खाऱ्या हवेनं गंजली होती, ती त्यांनी काढून टाकली. बटणं आखडलेली होती आणि बोटंही. पहिल्यांदा लावला तो सूर इतका वाकडा आला की त्यांनी तोंड फिरवलं. परत लावला. प्लास्टिकचा तुकडा सापडेना, तेव्हा त्यांनी माझ्या पर्समधलं जुनं कार्ड मागून घेतलं आणि त्याचा कोपरा कापला. चाल सुरू झाली, मधेच अडली, मागे जाऊन परत सुरू झाली. व्हिडिओतल्यासारखी अजिबात नव्हती. ओटीवर, भोंग्यांशिवाय, एका म्हाताऱ्या माणसाच्या आखडलेल्या हातांतून ती कशीबशी चालत येत होती, आणि मला हेतलची, यादीची, कशाचीही आठवण उरली नव्हती. मी खांबाला टेकून बसले आणि बेफाम खूश होते.

निकेशची मोटारसायकल अंगणात कधी येऊन थांबली ते कळलं नाही. मी फोन उचलत नाही म्हणून त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं असणार आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो माझ्यावर चिडायलाच आला होता. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. पायरीशी उभा राहून तो आत बघत होता आणि वर येत नव्हता. बाबांनी चाल संपवली. संपवली म्हणजे जिथे अडले तिथे थांबले.

"त्या दिवशी हेच वाजवलंत?" निकेशनं विचारलं. हेल्मेटमधून आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

"हां."

"मला काहीच ऐकू आलं नव्हतं, बाबा. तुम्ही माझ्यापुढेच चालत होता. मला नुसतं मडकं दिसत होतं. नंतर लोक सांगत होते, तुझ्या बापानं काय वाजवलं, काय वाजवलं. मी आपला हो हो म्हणायचो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग पट्टा मानेवर नीट केला.

"टोपडा काढ तो," ते म्हणाले, "आनि बस इथं." आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.